पाच गोळ्या आणि एक टाच

आमच्या बँकेत स्वतःच्याच खात्यातले पाचशे रुपये काढायचे असले तरी आधी स्लिप भरावी लागते. आकडा वेगळा लिहायचा, अक्षरी वेगळं लिहायचं, अक्षरीच्या शेवटी ‘फक्त’ टाकायचं, मग सही. सही जुळली नाही तर पुन्हा सही. कळंबकडचा एखादा म्हातारा काउंटरवर कोपर टेकून विचारतो, “आरं लेकरा, मला वळखत न्हाईस व्हय?” मी त्याला ओळखत असतो. त्याच्या जावयालाही ओळखत असतो. पण ओळख वेगळी आणि सही वेगळी, हे मी त्याला दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी न चिडता समजावून सांगतो. बावीस वर्षं हेच केलं. बी.कॉम. झालेल्या माणसाला दुसरं येतंय काय?

तोच मी ऑगस्ट 2024 मधल्या एका संध्याकाळी बँक सुटल्यावर समोरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि खोकला झालाय म्हणून सांगितलं.

तो महिना लाडक्या बहिणींचा होता. सकाळी दहाला शटर वर जायच्या आधी पायरीपासून रस्त्यापर्यंत बाया बसलेल्या असायच्या. पैसे आले का, आधार जोडलंय का, दुसऱ्याच खात्यात गेले असतील तर परत कसे आणायचे, या तीन प्रश्नांची उत्तरं मी दिवसातून तीन-तीनशे वेळा देत होतो आणि प्रत्येक उत्तरात चारदा खोकत होतो. शेवटी एक आजीच म्हणाल्या, “बाबा, माझे पंधराशे ऱ्हाऊ दे, तू आधी औषीद घे.”

दुकानदार आमचाच खातेदार. चालू खातं, रोजचा भरणा. त्यानं “कोरडा का ओला?” एवढंच विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत कात्री उचलली. एका पाकिटातून पाच मोठ्या गोळ्या कापल्या. दुसऱ्यातून पाच बारीक पांढऱ्या. तिसऱ्यातून अ‍ॅसिडिटीच्या पाच. सगळ्यांची कागदी पुडी बांधली आणि म्हणाला, “रोज एक-एक, जेवून. पाच दिवस. मोकळे होताल.” मी पैसे दिले. ना स्लिप, ना सही, ना अक्षरी, ना फक्त. आमच्याकडे पाचशे रुपयांना जेवढा कागद लागतो त्याचा शंभरावा हिस्साही त्या पुडीला लागला नाही, आणि ते मला अजिबात खटकलं नाही. उलट बरं वाटलं. याला म्हणतात सेवा, असं मी मनात म्हटल्याचंही आठवतं.

खोकला तिसऱ्या दिवशी गेला. तो तसाही जायलाच निघाला होता, हे पुढे कळलं. सर्दी, पडसं, साधा खोकला हे बहुतेक वेळा विषाणूंचं काम असतं आणि विषाणूला अँटिबायोटिक म्हणजे गाढवापुढची गीता. पण त्या वेळी श्रेय पुडीला गेलं आणि मी आणखी दोन सहकाऱ्यांना तिकडं धाडलं.

सहाव्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला आणि पोटरी संपून टाच सुरू होते तिथं कुणीतरी ओली सुतळी पिळून ताणल्यासारखं झालं. दोन दिवसांनी दुसऱ्या पायानंही तेच केलं. रात्री तळव्यांना मुंग्या. बँकेच्या आठ पायऱ्या उतरताना मी कठड्याला धरून आडवा, खेकड्यासारखा उतरू लागलो. तेव्हा आमच्या शिपायानं काळजीनं विचारलं, “साहेब, पडलाव का काय?” पडलो असतो तर बरं झालं असतं. पडल्याला निदान कारण असतं.

आता धाराशिवात पाय दुखायला लागला की औषध मिळायला वेळ लागतो, सल्ला मिळायला लागत नाही. आई म्हणाली, गोळ्या उष्ण पडल्या, सब्जा पी. (निदानाच्या सगळ्यांत जवळ तीच गेली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.) परंड्याच्या आत्याबाईंनी फोनवरूनच वात ठरवला आणि एरंडेल सांगितलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी वय काढलं. कॅशिअर म्हणाला युरिक अ‍ॅसिड. एकानं बूट बदलायला लावले, त्यात चौदाशे गेले. पुतण्या व्यायामशाळेत जातो. त्यानं मला भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी मी मोरीपर्यंतही जाऊ शकलो नाही. मग एक मालीशवाले आले. त्यांनी अंगठ्यानं नेमकी ती शीर दाबली तेव्हा मला घरबसल्या तुळजापूरचा कळस दिसला. समोरच्या दुकानातून दुखण्याची गोळीही आणली. तीही कापूनच.

आमच्याकडे कुठल्याही दुखण्याचं शेवटी सोलापूर होतं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, टाच दाबली (हळू दाबली, त्याबद्दल त्यांचे आभार) आणि एक प्रश्न विचारला. तोवर तो मला कुणीच विचारला नव्हता. “गेल्या दोन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती का?”

मी म्हणालो, नाही, फक्त खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टर हसले नाहीत. नाव विचारलं. नाव मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण आमची सौ. घरातली कुठलीही वस्तू टाकत नाही, ही तक्रार मी लग्नापासून करत आलोय. तिनं पर्समधून रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा काढला. नावावरूनच कात्री गेली होती. पुढची अक्षरं दुकानात राहिली होती, मागची आमच्याकडे आली होती. ‘…फ्लॉक्सासिन’ एवढंच वाचता येत होतं. एका कडेला उभी लाल रेघ मात्र शाबूत होती.

“लिव्होफ्लॉक्सासिन असणार,” डॉक्टर म्हणाले. “आणि बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या म्हणता? त्या स्टेरॉईडच्या असतील. दोन्ही एकत्र म्हणजे शिरेला धोका जास्त.”

या टाचेमागच्या शिरेला इंग्रजीत अकिलीसचं नाव आहे. तो ग्रीकांचा वीर. आईनं त्याला लहानपणी दिव्य नदीत बुचकळलं, पण धरलं होतं टाचेला, तेवढी टाच कोरडी राहिली आणि तिथंच बाण लागून तो गेला. आपल्याकडे तर खुद्द श्रीकृष्ण पायाला बाण लागून गेले. तेव्हा पायाच्या बाबतीत मोठमोठ्यांची ही गत, तिथं लिपिकवर्गाची काय कथा! फरक इतकाच की त्या दोघांना बाण मारणारा ठाऊक होता. मी तर माझ्या बाणाचे रोख पैसे मोजले होते, वर सुटे परत घ्यायचे विसरलो होतो.

घरी येऊन मी वाचायला लागलो. कारकुनाला वाचता येतं, विशेषतः बारीक अक्षरातलं. सिप्रो, नॉर, ओ, लिव्हो, मॉक्सी अशी ही सगळी ‘फ्लॉक्सासिन’ भावंडं एकाच घराण्यातली. घराणं मोठं कर्तबगार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या गोळ्यांनी काही थोड्या लोकांच्या शिरा सुजतात, क्वचित तुटतातही. नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात, आग होते. त्रास गोळी घेतल्यावर दोन दिवसांतही सुरू होऊ शकतो, किंवा पुढं कधीही, अगदी गोळ्या संपून महिने लोटल्यावरसुद्धा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 साली यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. 2016 साली आणखी पुढं जाऊन सांगितलं, की साधं सायनस, साधा ब्राँकायटिस, लघवीचा साधा संसर्ग, असल्या कामाला दुसरा इलाज असेल तर या गोळ्या देऊच नका, कारण अपंग करणारा आणि कदाचित कायमचा राहणारा त्रास होऊ शकतो. युरोपातल्या औषध संस्थेनं जून 2018 मध्ये लंडनला उघडी सुनावणी घेतली. ज्यांचे पाय गेले, ज्यांच्या नसा गेल्या, त्यांना बोलावून त्यांचं ऐकून घेतलं आणि त्याच वर्षी वापरावर मर्यादा घातली. आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. याच घराण्यातल्या गॅटिफ्लॉक्सासिनवर, ती रक्तातली साखर बिघडवते म्हणून, सरकारनं 2011 साली बंदी घातली.

म्हणजे हे सगळं छापलेलं होतं. आणि छापलेलं सगळं कात्रीच्या पलीकडच्या बाजूला राहिलं होतं. माहितीपत्रक खोक्यात, नाव अर्धं इकडे अर्धं तिकडे, मुदत कधी संपते तेही तिकडेच. माझ्याकडे आल्या त्या नुसत्या पाच गोळ्या. आमच्याकडे एखाद्यानं अर्धा फाडलेला चेक आणला तर आम्ही तो हातातही घेत नाही.

गावाचं नाव बदलायचं तर सरकारला हरकती मागवाव्या लागल्या, राजपत्र काढावं लागलं, तेव्हा कुठे 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. माझी टाच बदलून टाकायला मात्र कुणाचीच हरकत मागवावी लागली नाही. माझीसुद्धा.

बरं होण्याबद्दल सांगायचं तर त्यात सांगण्यासारखं फार थोडं आहे, आणि तेच त्यातलं सगळ्यात वाईट. याला उतारा नाही. डॉक्टरांनी इतकंच सांगितलं, की या घराण्यातली गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही, प्रत्येक डॉक्टरला आधी हे सांगायचं, टाचेखाली उंची ठेवायची, मालीश बंद, ताणणं बंद, मग हळूहळू शिकवतील तेवढाच व्यायाम, आणि थांबायचं. किती थांबायचं? “महिने लागतात. काहींना जास्त.” बँकेत एवढी मोघम तारीख कुणी सांगितली असती तर मी त्याला साहेबांकडं पाठवलं असतं.

आणि लोकांना हे पटत नाही हो! हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं, लोक त्यावर सह्या करतात. माझं काय दिसतंय? मी खुर्चीवर बसलेला असलो की अगदी ठणठणीत. रजेच्या अर्जात कारण लिहिलं तेव्हा आमच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. “खोकल्याच्या गोळीनं टाच दुखते? मग उद्या डोळ्यांच्या थेंबांनी गुडघा दुखंल.” सगळी शाखा हसली. मीही हसलो. कारकुनाला साहेबाच्या विनोदाला हसावंच लागतं, आमच्या सेवानियमांत लिहिलेलं नाही तरी. पण त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो, आणि ते काही मुंग्यांमुळे नव्हतं.

कोजागिरीला आमच्या घरातून कुणीतरी एक जण तुळजापूरला चालत जातो. वडील जायचे, ते गेल्यावर मी. वीस-पंचवीस किलोमीटर. तिकडून सोलापूरकर चालत येतात, त्यांच्यापुढे आम्ही म्हणजे अंगणात फिरून आल्यासारखे. आईचं वय झालंय, तिचं दर्शन ती माझ्या पायांनी घेते. ऑक्टोबर 2024 मध्ये मी तिला म्हणालो, यंदा गाडीनं जाऊ. ती काही बोलली नाही. गाडीनं गेलो. तुळजापूरला देवीकडं जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात, आणि माझ्या टाचेला उतरणंच नको होतं. मी महाद्वारापाशीच बसून राहिलो. पंचाहत्तर वर्षांची आई एका अनोळखी बाईचा हात धरून खाली गेली आणि माझ्या वाटचं कुंकूही घेऊन वर आली. देवीसुद्धा वर्षातून तीनदा पलंगावर निद्रा घेते, तिला कुणी मेडिकल सर्टिफिकेट मागत नाही, असा एक विनोद मला तिथं बसल्या बसल्या सुचला होता. आईला सांगायचं धाडस झालं नाही.

आता कुणी म्हणेल, या कारकुनाला अँटिबायोटिकचं वावडं झालंय. तसं नाही. माझ्या आजीचा थोरला मुलगा पायात बाभळीचा काटा मोडून, पू होऊन, ताप चढून गेला. निजामाच्या राज्यातली गोष्ट. पेनिसिलीन तेव्हा आमच्या भागात कुणी ऐकलंही नव्हतं. पुढं 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो असल्या पोरांसाठी. खोकल्याच्या पुडीसाठी नव्हे. आणि ज्या फ्लेमिंगनं पेनिसिलीन शोधलं त्यानं 1945 साली नोबेलच्या भाषणातच सावध केलं होतं. एक काल्पनिक मिस्टर एक्स त्यानं उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच दुकानातून पेनिसिलीन आणतो, अर्धवट घेतो, जंतू मरत नाहीत, शहाणे मात्र होतात, आणि पुढं त्याच जंतूंनी त्याची बायको दगावते. मी ते वाचलं आणि पाकीट जपून ठेवणाऱ्या आमच्या सौ.कडे पाहिलं. मिस्टर एक्सचा पत्ता मला सापडला होता. तो धाराशिवला राहतो.

आमच्या त्या शिपायाची गोष्ट तर मला नंतर कळली. मी एकदा डब्याच्या सुट्टीत या गोळीला शिव्या घालत होतो. तो ऐकत होता. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, “साहेब, ती लिव्होच ना? तीच गोळी माझ्या पोरीला चालू हाय. साधी टीबीची औषधं लागू पडंनात म्हणून. रोज. सरकारी दवाखान्यातल्या बाई येऊन बघत्यात, महिन्याला तपासण्या करत्यात. वजन वाढलंय तिचं.” मी डबा बंद केला. तीच गोळी. तिच्याकडे ती महिनोन्‌महिने चालू आहे, कारण तिला तिची गरज आहे, आणि कुणीतरी कागदावर लिहून, नजर ठेवून देतंय. अशा पोरींसाठी जी हाताशी राखून ठेवायची, ती मी खोकल्यासाठी चघळली. आणि मी ती अशीच उधळत राहिलो, तुम्ही उधळत राहिलात, तर उद्या तिचे जंतूही या गोळीला जुमानायचे नाहीत. टायफॉइडच्या बाबतीत ते आपल्या देशात झालेलंच आहे. ज्या सिप्रोनं एकेकाळी टायफॉइड उतरायचा, तिला आता ते जंतू बहुधा भीक घालत नाहीत.

तर माझं भांडण गोळीशी नाही, पुडीशी आहे. आणि त्यासाठी नवा कायदाही मागायचा नाही. कायदा आहे. 1 मार्च 2014 पासून ‘शेड्यूल एच वन’ म्हणून एक यादी लागू आहे आणि आमची ही लिव्हो तिच्यात आहे. चिठ्ठीशिवाय विकायची नाही. विकली की वेगळ्या वहीत नोंद करायची. डॉक्टरचं नाव, पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, किती दिलं. वही तीन वर्षं जपून ठेवायची. लाल रेघेचा अर्थ लोकांना कळावा म्हणून 2016 साली सरकारनं मोहीमही काढली. मी हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. अहो, हे तर लेजर! देशातल्या औषधांच्या दुकानांत कायद्यानं लेजर ठेवायचं आहे आणि बावीस वर्षं लेजर लिहिणाऱ्या माणसाला ते टाच गेल्यावर कळतं!

सूड घ्यायची संधी लवकरच आली. शिपाई आजारी, मशीन बंद, आणि दुकानदार रोख घेऊन काउंटरवर. पिशवी ठेवली, म्हणाला, “नेहमीचं, साहेब. मोजून घ्या, स्लिप नंतर भरतो.”

मी म्हणालो, “आधी स्लिप. नोटांचा तपशील. अक्षरी. सही.”

“इतक्या वर्षांची ओळख हाय की.”

“ओळख वेगळी,” मी म्हणालो, आणि मग मला राहवलं नाही. टाच, लाल रेघ, एच वन, वही, सगळं काढलं. मागं रांग होती, तीही ऐकू लागली. दुकानदार शांतपणे स्लिप भरत होता. भरून झाल्यावर त्यानं वर पाहिलं.

“साहेब, वही हाय. ज्यांची चिठ्ठी येती त्यांचं लिवतो. तुमचं काय लिवू? तुम्ही आला तेव्हा मी म्हणलो होतो, डॉक्टरला दाखवा. तुम्ही काय म्हणलाव? ‘तीनशे रुपये फी आणि अर्ध्या दिवसाची रजा कोण घालवतो? काहीतरी जालीम द्या, दोन दिवसांत बसलं पाहिजे.’ न्हाई दिलं तर तुम्ही चार पावलांवर दुसरीकडं घेणार. तिथंबी कात्री हायच.”

रांगेतला एक जण म्हणाला, “बरोबर हाय त्याचं.” मी नोटा मोजायला घेतल्या. एकदा चुकलो, पुन्हा मोजल्या. ‘जालीम’ हा शब्द मी वापरला होता. आता आठवला. या लेखातसुद्धा मी तो वर लिहिला नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

त्याचं खरं असलं तरी त्याची वही अपुरी आहे, आणि माझी चूक असली तरी त्याला कात्री चालवायचा परवाना मिळत नाही, हे मी त्याला शिक्का मारता मारता सांगितलं. त्यानं काउंटरफॉइल घेतलं आणि टाचेला आता कसं वाटतंय ते विचारलं. साहेबांनी कधी विचारलं नव्हतं.

मग मी मला येतं ते केलं. अर्ज भरला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायचं काम आपल्या देशात 2010 पासून चालतं. गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनचं कार्यालय ते बघतं. 1800-180-3024 या क्रमांकाला पैसे पडत नाहीत. डॉक्टरच पाहिजे असं नाही, ज्याला त्रास झाला तोही कळवू शकतो, आणि त्याचा अर्ज मराठीतही आहे. मी तो काढून घेतला. आयुष्यात इतरांकडून हजारो अर्ज भरून घेतले, पण इतक्या प्रेमानं एकही भरला नव्हता. औषधाचं नाव: अर्धं पाकिटावरून, अर्धं डॉक्टरांच्या अंदाजावरून. मुदत: माहीत नाही, कात्रीपलीकडे. घ्यायला कधी सुरुवात केली, थांबवलं कधी, त्रास केव्हा सुरू झाला. साहेबांच्या केबिनमध्ये ज्याला हसू आलं होतं, तेच इथं छापील प्रश्न होऊन, समोर रिकामी जागा ठेवून बसलं होतं.

2025 च्या कोजागिरीला मी तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. काही अंतर चाललो, मग पुतण्याच्या गाडीवर बसलो, पुन्हा थोडं चाललो. मंदिराच्या पायऱ्या कठड्याला धरून, पण सरळ तोंडानं उतरलो. आईनं किती चाललास हे विचारलं नाही आणि मीही आकडा सांगितला नाही, अक्षरी तर नाहीच.

अर्जाची एक प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पाठवलेल्यावर पेननं लिहिलंय. या प्रतीवर ‘त्रास अजून चालू आहे’ याच्यापुढची खूण मात्र मी पेन्सिलीनं केली आहे.